१९ जुलै, सकाळी १०.३७ : ब्रह्मदेशाचा हुतात्मा दिन

मुक्कामपोस्ट

दर वर्षी १९ जुलैला ब्रह्मदेशात हुतात्मा दिन असतो. (म्यानमार म्हणा हवं तर, मी सवयीने ब्रह्मदेशच म्हणणार.) सरकारी सुट्टी, झेंडे अर्ध्यावर आणि सकाळी दहा वाजून सदतीस मिनिटांनी भोंगा. निदान रीत तशी आहे. पण भोंगा वाजतो की नाही, तो ऐकायला लोकांना रस्त्यावर येऊ देतात की नाही, पुष्पचक्र वाहायला कोण येतं आणि कोण मुद्दाम फिरकत नाही, एवढं पाहिलं की त्या साली तिथे कोणाचं राज्य आहे ते कळतं. हा धागा त्याबद्दल आहे. आपल्याकडे ब्रह्मदेशाचा विषय मंडालेचा तुरुंग आणि थिबा राजा यांच्यापुढे सहसा सरकत नाही. तेही प्रतिसादांत येईलच, इथले रत्नागिरीकर गप्प बसणाऱ्यातले नाहीत. :)

आधी घटना. १९ जुलै १९४७, शनिवार, सकाळी १०.३७. रंगूनची सेक्रेटरिएट म्हणजे इंग्रजांनी बांधलेली लाल विटांची अवाढव्य इमारत. तिथे कार्यकारी मंडळाची बैठक चालू होती. नाव कार्यकारी मंडळ, पण खरं तर ते स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाचं मंत्रिमंडळच होतं. अध्यक्षस्थानी बोजोक आंग सान, वय ३२. बोजोक म्हणजे सेनापती. आजही तिथे नुसतं 'बोजोक' म्हटलं की दुसरा कोणी डोळ्यांसमोर येत नाही. लष्करी गणवेशातली माणसं जीपमधून आली आणि जिना चढून थेट बैठकीच्या खोलीत घुसली. आंग सान उठून उभे राहिले, आणि पहिल्या गोळ्या त्यांनाच लागल्या.

एकूण नऊ माणसं गेली. ती कोण होती हे जरा थांबून बघण्यासारखं आहे. ताखिन म्या आणि पत्रकार म्हणून नाव कमावलेले ऊ बा चो हे अनुभवी पुढारी. ऊ बा विन हे आंग सान यांचे सख्खे थोरले भाऊ. मान बा खाईंग कारेन या अल्पसंख्य समाजाचे. साओ सान तुन हे शान प्रदेशातल्या मोंगपॉन संस्थानाचे अधिपती. ते दुसऱ्या दिवशी गेले. अब्दुल रझाक मुसलमान, वडील तमिळ, आई बर्मी. मंडालेत शाळेचे मुख्याध्यापक होते, मग शिक्षणमंत्री झाले. हे सात मंत्री. आठवे ऊ ओन माऊंग, वाहतूक खात्याचे उपसचिव. ते मंडळाचे सदस्यही नव्हते, अहवाल सादर करायला तेवढ्यापुरते आत आले होते. नववा को ट्वे, रझाक यांचा अंगरक्षक, वय अवघं १८.

मारेकरी पाठवले होते ऊ सॉ यांनी. हे १९४० ते ४२ ब्रह्मदेशाचे पंतप्रधान. मध्येच जपान्यांशी संधान बांधल्याचं उघड झालं आणि इंग्रजांनी त्यांना युद्ध संपेपर्यंत युगांडात डांबून ठेवलं. परत आले तोवर राजकारण आंग सान यांच्या हातात गेलेलं. १९४६ मध्ये ऊ सॉ यांच्यावर गोळीबार झाला, डोळ्याला इजा झाली, आणि तो आंग सान यांच्याच माणसांनी केला असं त्यांच्या मनाने घेतलं. जानेवारी १९४७ मध्ये लंडनला ब्रिटिश पंतप्रधान ॲटलींबरोबर स्वातंत्र्याचा करार झाला, त्यावर सही करायलाही त्यांनी नकार दिला. खुनानंतर पोलीस त्याच दिवशी तळ्याकाठच्या त्यांच्या बंगल्यावर पोचले. टाकून दिलेली हत्यारं तळ्यातून काढली. खटला चालला, आणि ८ मे १९४८ ला ऊ सॉ इन्सेन तुरुंगात फासावर गेले. देश त्याआधी चार महिने, ४ जानेवारीला, स्वतंत्र झाला होता. तोही पहाटे ४.२० वाजता, कारण ज्योतिष्यांनी तो मुहूर्त काढून दिला होता.

आता माझा मुद्दा. ब्रह्मदेशाचं सैन्य आंग सान यांनी उभं केलं. १९४१ च्या डिसेंबरात बँकॉकमध्ये बर्मा इंडिपेंडन्स आर्मी निघाली ती त्यांच्याच पुढाकाराने. पुढे २७ मार्च १९४५ ला त्यांनी ते सैन्य जपान्यांवर उलटवलं. हा २७ मार्च आज 'सेना दिन' आहे, राजधानीत रणगाडे फिरवून साजरा होतो. म्हणजे एकाच माणसाचे दोन दिवस : सैन्याचा लाडका २७ मार्च आणि सैन्याला घशात अडकलेला १९ जुलै.

तो अडकला १९८८-८९ मध्ये. १९६२ ला ने विन यांनी सत्ता बळकावली तेव्हापासून सव्वीस वर्षं आंग सान यांचा फोटो कचेऱ्यांत, शाळांत, नोटांवर सगळीकडे होता. ने विन स्वतः आंग सान यांच्याबरोबर जपान्यांकडे लष्करी शिक्षण घेतलेल्या 'तीस साथीदारां'पैकी, त्यामुळे तो वारसा त्यांना सोयीचा होता. मग १९८८ मध्ये आजारी आईला बघायला आंग सान यांची मुलगी सू ची इंग्लंडहून आली. ऑगस्टमध्ये रंगूनच्या श्वेडगॉन पगोड्यासमोर लाखो लोकांपुढे बोलायला उभी राहिली आणि लोकांनी पाहिलं की चेहरा अगदी वडलांचा. वडील गेले तेव्हा सू ची दोन वर्षांच्या होत्या. १९ जुलै १९८९ ला त्यांनी हुतात्म्यांच्या स्मारकापर्यंत मोर्चा काढायचं ठरवलं होतं. शहरात इतकी फौज उतरवली गेली की रक्तपात नको म्हणून त्यांनी तो रद्द केला. दुसऱ्या दिवशी, २० जुलैला, त्या नजरकैदेत. त्यांची पहिली नजरकैद ही अशी हुतात्मा दिनाला चिकटून आली.

मग हळूहळू दिवसाचा जीव काढून घेतला गेला. सुट्टी तशीच ठेवली, पण कार्यक्रम आटोपशीर, पाहुणे खालच्या दर्जाचे. नोटांवरून आंग सान गेले, त्यांच्या जागी सिंह आला. एका नव्या नोटेच्या जलचिन्हात वडलांचा चेहरा मुलीसारखा उमटला होता आणि म्हणून ती मागे घेतली, असं तिथे सर्रास सांगतात. २०१२ ला वारं बदललं, उपराष्ट्राध्यक्ष कार्यक्रमाला आले. २०१६ ला सू ची यांच्या पक्षाचं सरकार असताना खुद्द सेनाप्रमुख मिन आंग लाइंग फुलं वाहायला हजर होते. जानेवारी २०२० मध्ये आंग सान हजाराच्या नोटेवर परतले. आणि १ फेब्रुवारी २०२१ ला त्याच सेनाप्रमुखाने त्यांच्या मुलीला अटक करून सत्ता घेतली.

लिहा मंडळी.

चिमणाबाई

वाचतेय. एक समजलं नाही. अख्खं मंत्रिमंडळ मारून ऊ सॉला मिळणार काय होतं? संशय त्याच्यावर येणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मुक्कामपोस्ट

@चिमणाबाई, त्याचा हिशेब असा होता असं मानतात : आंग सान आणि त्यांची वरची फळी गेली की गव्हर्नरसमोर माजी पंतप्रधानाशिवाय पर्याय उरणार नाही, आणि बोलावणं आपल्यालाच येईल. गव्हर्नर सर ह्युबर्ट रान्सनी बोलावलं ताखिन नू यांना, नवं मंडळ बनवायला लावलं, आणि ऊ सॉ आत गेला.

यात इंग्रजांचा हात होता का, हा वाद तिथे अजून जिवंत आहे. हत्यारं सरकारी कोठारातून खोट्या कागदांवर बाहेर पडली होती. डेव्हिड व्हिव्हियन नावाच्या एका ब्रिटिश कॅप्टनला ऊ सॉला शस्त्रं पुरवल्याबद्दल शिक्षाही झाली. १९४९ मध्ये कारेन बंडखोरांनी इन्सेन घेतलं तेव्हा तो तुरुंगातून सुटला. लंडनहून हुकूम होता असं दाखवणारं काही पुढे आलेलं नाही. काही गोऱ्या अधिकाऱ्यांचे हात मात्र नक्की बरबटलेले होते, पैशासाठी असो की आंग सानवरच्या रागापोटी.

रत्नांग्रीकर

आम्ही गप्प बसणार नाही हे बरोबर ओळखलंत. :D

थिबाला इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेतून उचललं, १८८६ ला रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१० मध्ये त्याचा पॅलेस पुरा झाला आणि १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला. तीस वर्षं माणूस इथे राहिला, पण देश परत काही दिसला नाही. राजाला इकडे आणि टिळकांना तिकडे, इंग्रजांची ही अदलाबदल आमच्याकडे अजून चवीने सांगतात. तारखा काही जुळत नाहीत, टिळक मंडालेत १९०८ ते १४, पण गोष्ट म्हणून झकास आहे.

आता धाग्याशी संबंधित. डिसेंबर २०१६ मध्ये थिबाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली म्हणून ब्रह्मदेशाहून बडे पाहुणे रत्नागिरीत आले होते. उपराष्ट्राध्यक्ष मिन स्वे आणि सेनाप्रमुख मिन आंग लाइंग. शिवाजीनगर भागात थिबाची समाधी आहे, तिथे विधी झाले, त्याचे वंशजही हजर होते. गावात तेव्हा कौतुकच कौतुक. २०२१ ला पेपरात सत्तापालटाची बातमी आली आणि फोटो बघून आमच्याकडे लोक म्हणायला लागले, अरे, हे दोघे तर आपल्याकडे येऊन गेले! एकाने सत्ता घेतली, दुसरा हंगामी राष्ट्राध्यक्ष.

मुक्कामपोस्ट

@रत्नांग्रीकर, हे इथे अगदी चपखल बसतं. त्याच वर्षी जुलैत आंग सानच्या समाधीवर फुलं आणि डिसेंबरात थिबाच्या समाधीवर. शेवटचा राजा आणि पहिला सेनापती, दोघांचे वारस आम्हीच, असं दाखवायचा खटाटोप. त्यातला राजा जास्त सोयीचा. राजाची मुलगी निवडणूक लढवत नाही.

जुनाट

लेख चांगला, पण आरती फार झाली. दुसरी बाजू मांडतो.

हा माणूस १९४० मध्ये देशाबाहेर पडला आणि जपान्यांच्या हाती लागला, कर्नल सुझुकीने त्याला तयार केला, हैनान बेटावर त्याच्या टोळीला शिकवलं. १९४२ मध्ये यांची फौज जपान्यांच्या मागोमाग आत शिरली तेव्हा इरावतीच्या मुखाशी म्याऊंगम्या भागात कारेन लोकांच्या कत्तली झाल्या. थाटोन जिल्ह्यात एका गावच्या मुखियाला त्याने स्वतःच्या हाताने मारलं, इंग्रजांना सामील होता म्हणून. तो मुखिया भारतीय वंशाचा मुसलमान होता. युद्धानंतर त्याच्या बायकोने अर्ज केला, गव्हर्नर डॉर्मन-स्मिथ अटक करायच्या विचारात होता. केली नाही, कारण माउंटबॅटनसकट सगळ्यांना कळत होतं की याला आत टाकला तर देश पेटेल.

आणि २७ मार्च १९४५? जपान हरतोय हे स्पष्ट झाल्यावर बाजू बदलली. याला मुत्सद्देगिरी म्हणा, मी म्हणणार नाही.

काजवा

@जुनाट, मुखियाची हकीकत खरी आहे आणि आंग सानने ती कधी नाकारली नाही. लष्करी न्यायालय भरवून शिक्षा दिली असा त्याचा दावा होता. ते न्यायालय कसलं असणार ते आपण समजू शकतो, मान्य.

पण 'बाजू बदलली' एवढ्यावर विषय संपत नाही. १ ऑगस्ट १९४३ ला जपानने ब्रह्मदेशाला 'स्वातंत्र्य' दिलं, बा माव पंतप्रधान आणि आंग सान युद्धमंत्री. ते स्वातंत्र्य किती पोकळ आहे हे त्यांना जपान हरायच्या बरंच आधी कळलं होतं. १९४४ च्या ऑगस्टमध्येच कम्युनिस्ट आणि समाजवाद्यांना घेऊन फॅसिस्टविरोधी आघाडी गुप्तपणे उभी झाली होती. वेळ साधली म्हणा. वेळ न साधणारे बंडखोर इतिहासात फार सापडतात.

नेताजींशी तुलना कोणीतरी करणारच, म्हणून आधीच सांगते. आझाद हिंद सरकारचं मुख्यालय १९४४ पासून रंगूनलाच होतं, दोघे एकमेकांना ओळखत होते. फरक जमिनीचा होता. आंग सान स्वतःच्या देशात उभा होता, जपान्याची थप्पड रोज त्याच्याच लोकांना बसत होती. नेताजींचं सैन्य परमुलखात, दुसऱ्याच्या रसदीवर. त्यांना उलटायला पायाखाली जागाच नव्हती.

शेंगदाणा

नेताजी आले, आता हा धागा ३०० प्रतिसादांवर जाणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जुनाट

@काजवा, जमिनीचा मुद्दा पटला. थप्पडेचा नाही. ती थप्पड पहिली तीन वर्षं दुसऱ्यांना बसत होती तेव्हा हे कुठे होते?

डॉकयार्ड

मी नोकरीनिमित्त यांगूनला (म्हणजे रंगूनलाच) होतो, २०१५ च्या आसपासची काही वर्षं. तिथल्या १९ जुलैबद्दल सांगतो.

पहिल्या वर्षी मला कोणी काही सांगितलं नव्हतं. सुट्टी होती, पाऊस पडत होता, मी टॅक्सीने सुले पगोड्याकडे चाललो होतो. चालकाने गाडी मध्येच कडेला घेतली, घड्याळ बघितलं आणि हॉर्नवर तळहात ठेवून दाबूनच धरला. मला वाटलं पुढे अपघात झाला. बघतो तर पुढची बस, मागची गाडी, समोरून येणारा टेम्पो, सगळे तेच करतायत. यांगूनमध्ये दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे रस्त्यावर नुसत्या मोटारी आणि बसेस, आवाज जाडा आणि सलग. मिनिटभराने थांबला. मग तो मागे वळून मला एकच शब्द म्हणाला, 'बोजोक', आणि गिअर टाकला.

समाधी श्वेडगॉनच्या उत्तर दरवाज्यासमोर आहे. सकाळी सरकारी मंडळी आणि नऊ जणांची कुटुंबं, पुरुष बर्मी जाकीट आणि लोंजीत. ते आटोपलं की सामान्यांना आत सोडायचे. शाळेची मुलं, कारखान्यातल्या पोरी गालाला तनाका (झाडाच्या सालीचा लेप) लावून, हातात एकेक फूल आणि छत्री, रांग पार रस्त्यापर्यंत. सेक्रेटरिएटही त्या काळात हुतात्मा दिनाला लोकांना उघडायचे. एरवी अनेक वर्षं ती इमारत कुलपात होती, गच्चीवर झाडं उगवलेली. खून झाला ती खोली बघायला म्हाताऱ्यांना लोक हाताला धरून जिना चढवत होते.

त्यांचं राहतं घर आता संग्रहालय आहे, जुना लाकडी बंगला. कपाटात त्यांची पुस्तकं, बाहेर मोटार, आणि बागेत एक लहान तळं. ते तळं बघताना गाईड आवाज न बदलता सांगतो की १९५३ मध्ये आंग सानचा मधला मुलगा यात बुडून गेला. त्यानंतर त्यांच्या पत्नी, डॉ खिन ची, मुलांना घेऊन दुसरीकडे राहायला गेल्या. ('डॉ' म्हणजे डॉक्टर नव्हे, बाईंना आदराने म्हणतात.) हे दुसरं घर म्हणजेच युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूचा तो तळ्याकाठचा बंगला, जिथे सू ची यांनी पुढे नजरकैदेची वर्षं काढली.

चिमणाबाई

डॉकयार्ड, वेगळा लेख लिहा ना यावर. हॉर्नचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला.

फडताळ

समाधीचा विषय निघालाय तर १९८३ राहायला नको. ९ ऑक्टोबरला दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष चुन डू-ह्वान पुष्पचक्र वाहायला येणार होते. उत्तर कोरियाच्या हेरांनी स्मारकाच्या छतात बॉम्ब पेरून ठेवलेले. मंत्री आणि अधिकारी रांगेत उभे, चुन यांची गाडी वाटेत मागे पडलेली. तेवढ्यात बिगूल वाजला. हेरांना वाटलं राष्ट्राध्यक्ष पोचले, बटण दाबलं. २१ माणसं गेली, त्यात दक्षिण कोरियाचे चार मंत्री. चुन वाचले. तीन हेरांपैकी एक पकडताना मारला गेला, एकाला फाशी, आणि तिसरा इन्सेनमध्ये २५ वर्षं काढून २००८ मध्ये तुरुंगातच आजाराने मेला. ब्रह्मदेशाने उत्तर कोरियाशी संबंध तोडले ते थेट २००७ मध्ये जोडले.

आज दिसतं ते स्मारक नंतर नव्याने बांधलेलं.

पाणवठा

मला या सगळ्यात एक खटकतं. हुतात्मा दिन सगळ्या देशाचा, असं लेखात गृहीत धरलंय. सगळ्या देशाचा तो आहे का?

१२ फेब्रुवारी १९४७ ला आंग सानने पांगलाँगला शान, काचिन आणि चिन पुढाऱ्यांबरोबर करार केला : डोंगरी प्रदेशांना अंतर्गत कारभारात स्वायत्तता, समान वागणूक. कारेन नुसते बघायला आले होते. मॉन, अराकानी यांना कोणी विचारलंच नाही. पाच महिन्यांत आंग सान गेला आणि करार कागदावर राहिला. म्हणून या समाजांच्या मनातला आंग सान वेगळा आहे. ज्याने शब्द दिला आणि पाळायला उरला नाही, असा. काहींच्या मते पाळलाही नसता.

२०१७ मध्ये मॉन राज्यात मौलमेनला सालवीन नदीवर मोठा पूल झाला. सू ची यांच्या सरकारने त्याला बोजोक आंग सान नाव दिलं. मॉन लोक हजारोंनी रस्त्यावर आले, आमच्या नदीवर तुमचा सेनापती कशाला म्हणून. २०१९ मध्ये काया राज्यात लॉइकॉला घोड्यावरचा आंग सान बसवला, त्याच्या विरोधात निघालेल्या तरुणांवर पोलिसांनी रबरी गोळ्या झाडल्या. हे सेनेचं नाही, निवडून आलेलं सरकार होतं.

मुक्कामपोस्ट

@पाणवठा, हा आक्षेप वजनदार आहे. मूळ लेखात मी दिवसाची ओढाताण सेना आणि सू ची यांच्यातच दाखवली, पण तिसरा पक्ष आहेच. माझं उत्तर असं : पुतळा आणि पूल हा सरकारचा हट्ट होता, दिवसाचं तसं नाही. मरणाऱ्यांत कारेन होता, शान होता, तमिळ बापाचा मुसलमान होता. त्या खोलीत जसं मंत्रिमंडळ बसलं होतं तसं पुन्हा त्या देशात फारसं बसलंच नाही. तुम्ही पुतळ्याला विरोध करणाऱ्यांना विचारलंत तर त्यातले कित्येकजण मान बा खाईंग आणि साओ सान तुनसाठी डोकं झुकवतील, असं मला वाटतं.

सू ची यांच्या पक्षाने २०१५ ला एकही मुसलमान उमेदवार दिला नव्हता. वडलांच्या मंत्रिमंडळात रझाक होते, हे लक्षात घेऊन वाचा.

काजवा

रझाक यांच्यावरून ऊ को नी आठवले. सू ची यांच्या पक्षाचे कायदेविषयक सल्लागार, मुसलमान, सेनेने लिहिलेली राज्यघटना कशी बदलता येईल यावर काम करणारे. २९ जानेवारी २०१७ ला यांगून विमानतळाबाहेर नातवाला कडेवर घेऊन उभे असताना मागून डोक्यात गोळी घातली. मारेकऱ्याचा पाठलाग करणारा एक टॅक्सीवाला त्याच्याच गोळीने मेला. त्या टॅक्सीवाल्याचं नाव ने विन, हा आणखी एक योगायोग. कट करणाऱ्यांत माजी लष्करी अधिकारी होते. हुतात्म्यांच्या यादीत हे दोघे सरकारीरीत्या कधी येतील असं वाटत नाही, पण तिथले लोक मोजतात.

अर्धी_चड्डी_पूर्ण_चहा

अवांतर : आपल्याकडेही ३० जानेवारीला सकाळी ११ ला भोंगा व्हायचा, दोन मिनिटं स्तब्धता. गिरणगावात माझ्या लहानपणी काम थांबायचं, आजोबा हातातली विडीसुद्धा खाली ठेवायचे. आता शासकीय कार्यालयांना दर वर्षी परिपत्रक जातं. आमच्या ऑफिसात या वर्षी त्या दोन मिनिटांत एकाचा फोन वाजला, आणि रिंगटोन काय होती ते इथे लिहीत नाही.

शेंगदाणा

लिहा की!

सूतगुंडी

नेहरूंच्या कोटाचा किस्सा कोणीच कसा सांगितला नाही? जानेवारी १९४७, आंग सान ॲटलींना भेटायला लंडनला निघालेला, वाटेत दिल्लीत नेहरूंकडे मुक्काम. अंगावर विटका सुती गणवेश. लंडनमध्ये त्या साली कडाक्याची थंडी. नेहरूंनी पाहिलं आणि घाईघाईने लोकरी गणवेश शिवून दिले, वर जाडजूड ओव्हरकोट. आंग सानचा सगळ्यांत प्रसिद्ध फोटो, कॉलर वर केलेला, खांद्यावरून ओघळणारा मोठा कोट, तो तोच कोट. १९४० च्या रामगढ काँग्रेसलाही तो आला होता, त्यामुळे ओळख जुनी.

मुक्कामपोस्ट

तो फोटो तिथे चहाच्या दुकानांत असायचा. २०२१ नंतर किती दुकानांनी ठेवला असेल देव जाणे.

गौरी_आत्या

आता काय परिस्थिती आहे? सत्तापालटानंतर हा दिवस पाळतात का?

डॉकयार्ड

@गौरी_आत्या, सरकारी कार्यक्रम होतो, कडेकोट बंदोबस्तात. जुन्या सहकाऱ्यांशी बोलणं होतं त्यावरून सांगतो, रस्त्यावरची मोकळीक गेली. हॉर्न वाजवायचा की नाही याचा विचार करावा लागतो. घरात फोटोपुढे फूल ठेवून गप्प बसणारे जास्त.

२७ मार्चचं मात्र उलटं झालं. २०२१ च्या सेना दिनाला राजधानीत संचलन चालू असताना देशभरात त्याच दिवशी शंभरावर माणसं गोळीबारात मारली गेली. तेव्हापासून विरोधकांनी त्या दिवसाला पुन्हा जुनं नाव लावलंय : फॅसिस्टविरोधी प्रतिकार दिन. म्हणजे लेखात जो 'सैन्याचा लाडका' दिवस म्हटलाय, तोही त्यांच्या हातून सुटायला लागलाय. डोंगरात बंदूक घेऊन गेलेली कॉलेजची पोरं त्या दिवशी आंग सानचं नाव घेतात, त्यानेच काढलेल्या सैन्याविरुद्ध.

जुनाट

आणि त्या पोरांना बंदूक चालवायला शिकवणारे कोण, तर कारेन आणि काचिन. १९४२ च्या म्याऊंगम्याचे नातू-पणतू. हे मात्र मला मानावंच लागेल, आंग सानला ३२ वर्षांत जमलं नाही ते मिन आंग लाइंगने करून दाखवलं.

पाणवठा

@जुनाट, हाहा. पण एवढ्यात निकाल देऊ नका. पांगलाँगलाही सगळे एकत्र बसलेच होते.

रत्नांग्रीकर

सू ची यांच्या त्या बंगल्याचं काय झालं शेवटी? मध्ये लिलावाचं वाचलं होतं.

मुक्कामपोस्ट

सू ची आणि त्यांचे थोरले भाऊ आंग सान ऊ यांच्यात वाटणीचा जुना दावा होता. सत्तापालटानंतर कोर्टाने विकून पैसे वाटा असा हुकूम काढला. मार्च २०२४ मध्ये पहिला लिलाव झाला, किमान बोली ३१५ अब्ज च्यात (तिथलं चलन). कोणी बोलीच लावली नाही. पुढे किंमत उतरवून पुन्हा पुकारला, तरी गिऱ्हाईक नाही. तिथल्या पैसेवाल्यांनाही ते घर कोणाचं आहे ते माहीत आहे.

@पाणवठा, पांगलाँगवर तुम्ही स्वतंत्र धागा काढा. कारेन बाजू माझ्यापेक्षा तुम्ही नीट मांडाल.